सुटं पान

४ मार्च

प्रिय ताई,

झालं एकदाचं! तुझ्या मालकीणबाईंची साइट काल सकाळी नव्या पत्त्यांवर गेली आणि मी दोन दिवसांनी पोटभर जेवलो.

तू विचारलं होतंस, दुकान तेच, पुस्तकं तीच, मग एवढं घाबरायचं काय? सांगतो. तुमच्याकडे दुरुस्त झालेल्या प्रत्येक जुन्या पुस्तकाचं साइटवर एक पान आहे, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. अशी सहाशे बारा पानं. आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने त्यांना दिलेले पत्ते म्हणजे नुसती आकड्यांची शेपटं. ती काढून मी पुस्तकाच्या नावाचे सरळ पत्ते केले. पण कितीतरी लायब्ररींनी आपल्या साइटवर ते जुने पत्ते देऊन ठेवलेत. ते तुटले तर येणारा माणूस ‘हे पान सापडत नाही’ एवढंच वाचून परत फिरतो, आणि सर्चसुद्धा हळूहळू दुकानाला विसरतं. मालकीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "बाबा रे, माझं अर्धं काम त्या लिंकांवरून येतं. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस." म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याचा नवा पत्ता लिहून काढला, एकाला एक. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस त्याला कळायच्या आत नव्या पत्त्यावर पोचतो. सगळ्यांना सरसकट पहिल्या पानावर ढकलून मोकळे होणारे असतात, पण मी त्यातला नाही हे तुला माहीत आहे. एकही लिंक तुटली नाही. आता ‘पुस्तकबांधणी’ शोधलं की तुमचं दुकान पहिल्या तिनात येतं.

आणि आता खरी गंमत. यादी करताना एक सुटं पान सापडलं. साइटवरून त्याच्याकडे जायला वाटच नव्हती, मेनूतून कुणीतरी नाव काढून टाकलं होतं, पण पान जिवंत होतं. ‘आमची माणसं’. उघडलं तर खिडकीजवळ तू! मान खाली, हातात दाभण. ताई, चार वर्षांत तुझा चेहरा पाहिला नव्हता. मग ते पान व्यवस्थित नव्या पत्त्यावर नेलं आणि मेनूत पहिलं लावलं. सहाशे तेरावं.

आई बरी आहे. दाजी मधून मधून येतात, फळं आणतात, तिच्या गुडघ्यांची चौकशी करतात. तुझा विषय काढत नाहीत. मला वाटतं माणूस निवळलाय.

तुझा,
ठेंगू

ता. क. पहिल्याच दिवशी साइटवरून एका गृहस्थांचं विचारणं आलं. ‘खिडकीजवळ बसलेल्या बाई शिवण फार सुबक घालतात. माझ्याकडे एक जुनं पुस्तक आहे. त्या रोज असतात का, आणि किती वाजेपर्यंत?’ मालकीणबाई गडबडीत होत्या म्हणून मीच उत्तर देऊन टाकलं. रोज असतात, दहा ते सहा, अवश्य या.


९ मार्च

ठेंगू,

ते पान काढ. आज. आत्ता. मालकीणबाईंना तुला फोन करायला सांगितलंय, तो लागला असेल तर हे पत्र हातात पडेपर्यंत तू काढलंही असशील. नसेल तर आधी काढ आणि मग पुढचं वाच.

तो फोटो मला न विचारता लावला होता, मी इथे आले त्या वर्षी. मी हातापाया पडून काढायला लावला. त्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं, काढला. म्हणजे त्याने नुसतं नाव पुसलं आणि मी तीन वर्षं निर्धास्त होते.

तुझी सहाशे बारा पानं जगू देत. हे एक मारून टाक. त्या पत्त्यावर आलेला कुणी कुठेही पोचता कामा नये.

त्या गृहस्थाला तू पाठवलेलं उत्तर मला शब्दन् शब्द लिहून पाठव. आणि त्याने काय विचारलं तेही, जसंच्या तसं.

आज खिडकीजवळची जागा सोडली. कागदाच्या गठ्ठ्यांमागे बसून घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवतेय. तिथे उजेड नाही, दोनदा सुई बोटात गेली.

ताई


१४ मार्च

प्रिय ताई,

रागावलीस ना? मालकीणबाईंचा फोन आला त्या दुपारीच पान काढलं. नुसतं ‘सापडत नाही’ असं नाही ठेवलं, ‘हे कायमचं काढलंय’ असं सर्चला कळेल अशी खूण लावली. यादीतूनही उडवलं. सर्चवाल्यांकडे अर्जही केला.

पण तुझ्यापासून लपवत नाही. एक चूक राहिली होती. फोटोचा स्वतःचा एक वेगळा पत्ता असतो. पान गेलं तरी तो दोन दिवस उघडा होता. ११ तारखेला माझ्या लक्षात आलं. आता तोही बंद आहे. सर्चमध्ये मात्र तुझा अंगठ्याएवढा फोटो अजून दिसतोय. तो जायला काही दिवस लागतील, ते माझ्या हातात नाही. रोज सकाळी उठून तेच बघतो.

त्या गृहस्थांचं विचारणं आणि माझं उत्तर मागच्या पत्रात लिहिलं तेवढंच होतं, त्यात एक अक्षर जास्त नाही. खाली सही ‘एक वाचक’.

आता जरा माझं ऐक. तू दाजींना घाबरतेस हे मला कळतं. भांडणं झाली, तुझ्या सासूबाईंचा जाच होता, तू निघून गेलीस, बरोबरच केलंस. पण चार वर्षं झाली. फोन नाही, आम्हाला घरचा पत्ता नाही, पत्रं दुकानावर पाठवायची आणि तुझी माझ्या ऑफिसात यायची. इतकं कशाला, ताई? परवाच ते आले होते, आईला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

सर्व्हरच्या नोंदीत एकच गोष्ट विचित्र वाटली. तिथे कोण कधी कुठलं पान उघडतं ते टिपलेलं असतं. एक पाहुणा फक्त तुझंच पान उघडायचा. बाकी एकही नाही. असेल कुणी पुस्तकवेडा.

ठेंगू


१८ मार्च

ठेंगू,

चार वर्षं जे लिहिलं नाही ते आता लिहिते. आईला वाचून दाखवू नकोस.

सासूबाईंचा काही जाच नव्हता. त्या बिचाऱ्या माझ्यासाठी रडायच्या. ते मी रचून सांगितलं, कारण खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं.

आमच्या मोरीत पाण्याचं पिंप होतं, निळं, कमरेएवढं. माझं काही चुकलं की तो मला तिथे न्यायचा. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. बाह्या दुमडायचा, मानेला धरून डोकं पाण्यात घालायचा आणि मोजायचा. मोठ्याने, सावकाश, पोरांना पाढे शिकवतात तसं. भाजीत मीठ जास्त झालं तर दहा. दारात कुणाशी बोलले तर पंधरा. बाहेर काढल्यावर टॉवेलने केस पुसून द्यायचा. शेवटच्या दिवशी सव्वीसपर्यंत मोजलेलं मला ऐकू आलं, त्यापुढचं नाही. शुद्धीवर आले तेव्हा तो स्वयंपाकघरात स्वतःसाठी चहा करत होता. चप्पलसुद्धा न घालता निघाले.

पहिल्या गावी त्याने मला आठ महिन्यांत शोधलं. आईच्या फोनमधला एकेक नंबर लावून बघितला होता. मी मागच्या खिडकीतून उतरले म्हणून वाचले. म्हणून फोन नाही. म्हणून पत्ता नाही.

आणि ‘त्या रोज असतात का, किती वाजेपर्यंत?’ हे त्याचंच बोलणं आहे. माझ्या मैत्रिणींना, दुकानदाराला, सगळ्यांना तो असंच विचारायचा, हसून, मान थोडी वाकडी करून.

काल मालकीणबाईंना सगळं सांगितलं, कटिंग मशीनवरच्या काकांनाही. काकांनी मशीन बंद केलं आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

तो पाहुणा कुठला आहे, किती वाजता येतो, किती वेळा आला, ते मला सांग. आणि आणखी एक. मी पुस्तकं बांधते हे त्याला कुणी सांगितलं? हे तुझ्या-माझ्याशिवाय फक्त आईला माहीत होतं.

ताई


२१ मार्च

ताई,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं. मी त्या माणसाला ‘अवश्य या’ असं लिहिलं. या हातांनी. मला माफ कर असं लिहायचीसुद्धा लाज वाटते.

विचारलंस ते सांगतो. पाहुणा आपल्याच गावचा आहे, सर्व्हरच्या नोंदीवरून गावापर्यंतच कळतं. साइट बदलली त्या दिवसापासून त्याने ते पान त्रेचाळीस वेळा उघडलं. रोज सकाळी सात पन्नासला एकदा तरी, न चुकता. पान काढल्यावरही थांबला नाही. तिथे आता काही नाही, पांढऱ्यावर एक ओळ आहे, तरी सात पन्नासला येतो. आज सकाळी मी स्क्रीनसमोर बसून वाट पाहिली. सात एकोणपन्नास. सात पन्नास. नोंद उमटली. ताई, पलीकडून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं झालं.

आईला विचारलं. आधी नाही म्हणाली, मग पदर तोंडाला लावून बसली. फेब्रुवारीत तो आला, ‘ती जिवंत तरी आहे ना एवढंच सांगा’ म्हणून तिच्या पायाशी बसला. ही विरघळली. म्हणाली, सुखात आहे, पुस्तकं शिवते. गाव सांगितलं नाही. गाव सांगायची गरजच पडली नाही, ते काम मी केलं. मी दुकान सर्चमध्ये वर आणलं, पानाला वाट करून दिली.

याहून वाईट पुढे आहे. मागच्या रविवारी मी बाहेर असताना तो तुझा फोटो कागदावर छापून घेऊन आला होता. ‘आई, ही आपलीच ना?’ तिने तोंडाने काही सांगितलं नाही म्हणते. फक्त फोटोवरून हात फिरवला.

पोलीस चौकीत गेलो होतो. तिथला साहेब म्हणाला, "साइटवरचं पान उघडणं गुन्हा आहे का? उद्या मी पण उघडेन." सगळ्या नोंदी आणि त्याचं विचारणं छापून या पाकिटात घातलंय. मालकीणबाईंना म्हणावं, तिथल्या चौकीत द्या.

ताई, तिथून निघ. कुठे ते मला कळवू नकोस.

ठेंगू


२४ मार्च

ताई,

फोनवर मालकीणबाईंना सांगितलंच आहे, तरी लिहितोय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

काल सात पन्नासला कुणी आलं नाही. मला वाटलं, रविवारी उशिरा उठला असेल. दिवसभर बसून होतो. आजही आला नाही. इतके दिवस ती नोंद दिसली की घाम फुटायचा, आज तीच दिसावी म्हणून पुन्हा पुन्हा बघत बसलो. तो घरी आहे हे मला त्या नोंदीवरूनच कळत होतं.

त्याच्या कामावर गेलो. तिथला कारकून म्हणाला, रजेवर आहेत, कालपासून आठ दिवस. अर्ज कधीचा? पाच मार्चचा. मी उत्तर पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

हे पत्र पोचायच्या आधी तो पोचेल.

ठेंगू


२६ मार्च

ताईंचे भाऊ यांस,

तुमची ताई सुखरूप आहे, हे आधी वाचा आणि मग पुढे जा. तिचे हात अजून कापतायत म्हणून मी लिहितेय.

तुमचा फोन आल्यावर मी तिला म्हटलं, माझ्या बहिणीकडे जा. ती म्हणाली, "बाई, पुन्हा खिडकीतून उतरायची ताकद नाही माझ्यात." राहिली. नोंदींचे कागद मी चौकीत देऊन आले होते. तिथल्या बाई अधिकाऱ्याने ते नीट वाचले आणि नंबर दिला.

काल सकाळी अकराला तो आला. मी खुनशी चेहऱ्याची वाट बघत होते, आणि हा इस्त्रीचा शर्ट घातलेला, हसतमुख. काखेत एक फाटकं पुस्तक. "पाठ निघालीय, शिवून मिळेल का?" मी पुस्तक घेतलं, उलटंपालटं केलं, कापड दाखवलं, पुठ्ठा दाखवला, वेळ काढत राहिले. काकांनी मागून चौकीला फोन लावला. तुमची ताई मागच्या खोलीत होती, कागदाच्या गठ्ठ्यांमागे.

मग त्याने आवाज खाली आणला. म्हणाला, "ती इथे आहे मला माहीत आहे. आजारी आहे हो ती. डोक्याचा त्रास आहे, औषधं बंद केलीत. काय काय रचून सांगते, लोकांना खरं वाटतं. मी तिला घरी न्यायला आलोय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं का सांगू, मला सगळं माहीत असूनही एक क्षण वाटलं, खरंच असं असेल तर? मी गप्प झाले.

ते गप्प होणं तिला आत ऐकू गेलं असावं. ती बाहेर आली. चेहऱ्याचा रंग उडालेला, हातात पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा दांडा घट्ट धरलेला. म्हणाली, "बाई, हा पिंपात डोकं घालून मोजायचा. विचारा त्याला."

त्याने मान वाकडी केली. हसला. आणि अगदी हळू, लाडाने म्हणाला, "एक."

मोठा पंखा फिरत होता तेवढाच आवाज. "दोन." तिचे डोळे मिटले, तिने श्वास रोखला. आम्हा सगळ्यांच्या देखत, कोरड्या दुकानात, ती बाई पाण्याखाली गेली. "तीन. चार."

माझी शंका तिथेच मेली. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि तिच्यासमोर उभी राहिले. काकांनी पुढचं शटर अर्धं ओढलं आणि त्याच्या खाली उभे राहिले, सत्तरीचे आहेत ते. शिवणाऱ्या दोघी उठल्या. एकीने ओरडून त्याला म्हटलं, "अजून मोज! मोज की! आम्ही पण ऐकतो!" त्याचा आकडा तोंडातच राहिला. त्याने आमच्या तोंडांकडे बघितलं, हसू गेलं, आणि मग जे बाहेर आलं ते मी पत्रात लिहिणार नाही. मला ढकललं, सरसाचं भांडं लाथेने उडवलं, तिचा दंड धरला. काकांनी आणि त्या दोघींनी त्याला भिंतीशी दाबून ठेवलं. चौकीतल्या बाई आल्या तेव्हा तो पुन्हा मवाळ झाला होता, "घरगुती मामला आहे." त्या म्हणाल्या, "रोज सात पन्नासला पान उघडायचात ते पण घरगुतीच का?"

माझं मनगट सुजलंय, तिच्या दंडावर पाच बोटं उमटलीत. बाकी ठीक.

तुमच्या कामाबद्दल नंतर बोलू.

मालकीणबाई


२ एप्रिल

ठेंगू,

हात थोडे थांबलेत, म्हणून लिहिते.

तीन दिवस त्याला आत ठेवला, मग जामिनावर सोडला. कोर्टाने त्याला या गावात यायची बंदी घातलीय. कागद माझ्याकडे आहे. कागद दाराला लावून दार बंद राहतं का, तूच सांग. तरी आहे. पहिल्यांदाच कुणीतरी माझं बोलणं लिहून घेतलं, खाली शिक्का मारला.

आईला रागावू नकोस. तिने चार वर्षं मला पाहिलं नाही, तिच्यासमोर फोटो आला, हात फिरला. तूही तेच केलंस. मला दोघांचाही राग आला होता, खूप. आता तेवढा नाही.

मालकीणबाई म्हणाल्या, तुला सांग, सहाशे बारा पत्ते ठणठणीत आहेत, परवाच एका लायब्ररीचं माणूस जुन्या लिंकवरून पोचलं आणि तीन पेट्या पुस्तकं टाकून गेलं. त्यांना आणखी काम द्यायचंय तुला. भीत भीत का होईना, घे. सर्चमधला माझा तो अंगठ्याएवढा फोटोही गेलाय, त्यांनी बघून सांगितलं.

मी अजून घाबरते, ठेंगू. लोकांना वाटतं संपलं. काल शेजारीण वाटीभर साखर मागायला आली. तिने दारावर दोनदा टकटक केली आणि मी पलंगाच्या कडेला श्वास रोखून बसले, ती निघून जाईपर्यंत. नंतर लाज वाटली. जाऊन साखर देऊन आले.

घरचा पत्ता खाली लिहिलाय. लिहिताना तीनदा पेन खाली ठेवलं. आता त्याच्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नाही, मग तुमच्यापासून तरी का लपवू?

ताई


७ एप्रिल

प्रिय ताई,

पत्ता पाठ केला आणि तुझ्या पत्रातला तेवढा भाग कापून आईला दिला. तिने तो ब्लाउजच्या आत ठेवलाय, काढून बघते आणि परत ठेवते. तिला सगळं सांगितलं, पिंपाचंही. तू नको म्हणाली होतीस, पण तो पुन्हा फळं घेऊन दारात उभा राहिला असता तर? ती उठली. स्वयंपाकघरातलं पाण्याचं भांडं उचलून बाहेर ओतून आली. काल त्याचा फोन आला तेव्हा तिने घेतला आणि म्हणाली, "परत या घराकडे बघायचं नाही." ठेवल्यावर दाराची कडी तपासून आली, पण म्हणाली ते नीट म्हणाली.

मलाही भीती वाटते. सात पन्नास वाजले की अजून नोंदी उघडतो. कुणी नसतं. तरी उघडतो.

शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. दुपारी एकच्या सुमारास पोचू. तू काही करू नकोस, नुसती घरात थांब. आम्ही दार वाजवणार नाही. गल्लीच्या तोंडापासूनच मी हाका मारत येईन, "ताई, मी ठेंगू, ताई, मी ठेंगू," लोकांनी बघितलं तर बघू देत. आईचाही आवाज ऐकवेन. आधी आवाज ओळख. खात्री कर. हवा तेवढा वेळ घे, आम्ही खाली उभे राहू. मग तुला वाटलं तरच दार उघड.

तुझा,
ठेंगू